सकाळी अकराची भुतं

अक्कांनी मला कामावर ठेवलं तेव्हा मीठ किती घालतेस, पोळ्या किती पातळ लाटतेस, असलं काही विचारलं नाही. हुबळी-धारवाडच्या मधल्या नवनगरातल्या घराच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत त्या बसल्या होत्या. मी पायरीखाली उभी. वर यायचं की नाही ते मला कळत नव्हतं. त्यांनी मान पुढे काढून माझ्या दिशेनं बघितलं आणि म्हणाल्या, "स्वयंपाक येतच असणार, नाहीतर आली कशाला असतीस? मला एवढंच सांग, तुला भीती कशाची वाटते?"

मला बोलायचीच भीती. दुकानात गेले तर मी बोट दाखवून सामान घेते. कुणी ओळखीचं समोरून आलं तर मी रस्ता बदलते. आता हे सगळं सांगायचं म्हणजे पुन्हा बोलणंच आलं. मी खाली बघून म्हणाले, "तुमची."

अक्का इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या गिरिजक्का कुंपणावरून डोकावल्या. "एन आत री, अक्का?" काय झालं म्हणून कानडीत ओरडल्या. अक्का म्हणाल्या, "खरं बोलणारं माणूस मिळालं!" आणि मला म्हणाल्या, "उद्यापासून ये. भात मऊ कर. दात माझेच आहेत, पण थोडेच राहिलेत."

आता त्या घरात दुसरे लोक राहतात. पण त्या बाजूनं गेले की मला अजून हसू फुटतं. रस्त्यानं एकटीच हसत जाणारी बाई म्हणून लोक बघतात. बघू देत.

अक्का कोर्टात टायपिस्ट होत्या. उभा जन्म त्यांनी साक्षी आणि जबान्या टाइप केल्या. खून, मारामाऱ्या, विषप्रयोग, सगळं त्यांच्या बोटांतून गेलेलं. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका पोथी वाचतात, अक्कांनी भुताखेतांच्या गोष्टी वाचायला घेतल्या. लायब्ररीतल्या तर संपवल्याच, शिवाय पुण्याहून, बेळगावहून मागवल्या. मुलगा बेंगळुरूला असतो. तो फोनवर म्हणायचा, "अम्मा, या वयात कसलं हे वाचतेस?" त्या म्हणायच्या, "आयुष्यभर खरं टाइप केलं. आता मला चांगलं खोटं वाचायचंय."

एकदा मला म्हणाल्या, "तुला सांगते, इतकी वर्षं कोर्टात बसले, पण भुताला घाबरून कुणी कुणाचा खून केल्याचं मी टाइप केलं नाही. लोक काय म्हणतील, या भीतीनं केलेले मात्र पुष्कळ."

भीती कशाची वाटते, हा प्रश्न त्या येणाऱ्या प्रत्येकाला विचारत. चहा विचारण्याच्या आधी. साप, पाल, अंधार, हे सगळं त्या हातानं झटकून टाकायच्या. "ही दुकानात मांडलेली भीती झाली. गोदामातली काढा." एकदा एक विमावाला आला. कोट, बॅग, सगळं. तो म्हणाला, "अपघात, आजारपण..." अक्का म्हणाल्या, "ती तुम्ही विकता हो. तुमची स्वतःची सांगा." त्यानं मांडीवरची बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "सकाळी साहेबाचा फोन येतो ना, त्याची. मी बाथरूममध्ये नळ सोडून बसतो, ऐकू येऊ नये म्हणून." अक्कांनी त्याला दोन कप चहा पाजला, धारवाडचा पेढा दिला. तो इतका मोकळा होऊन गेला की विमा विकायचा विसरूनच गेला.

वाचायची त्यांची वेळ सकाळी अकराची. खिडक्या सताड उघड्या, पडदे बाजूला, पुढचं दार उघडं, रस्त्यावरून भाजीवाला ओरडत चाललाय, आणि अक्कांच्या मांडीवर भूत. मी विचारलं, "रात्री नाही का वाचत?" तर म्हणाल्या, "रात्री कुणीही भितं. त्यात काय मोठेपणा? भीती नीट बघायची असेल तर उजेडात बघावी."

पण उजेडातही त्यांना दिसेनासं होत चाललं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कॉलेजातली एक मुलगी येऊन त्यांना वाचून दाखवायची. तिचं लग्न ठरलं, ती गेली. त्यानंतर अक्का पुस्तक हातात धरून नुसत्या बसायच्या, पानांवरून बोट फिरवत. एक दिवस मी तिथंच पावटे सोलत होते. मला म्हणाल्या, "तुला वाचता येतं का गं?"

"चौथी झालीय," मी म्हणाले.

"मग येतं की! चौथीत काय, वाचायला नाही तर काय शिकवतात?"

चौथीनंतर आई आजारी पडली, धाकटी भावंडं माझ्याकडे आली आणि शाळा सुटली ती सुटलीच. त्यानंतर मी वाचलं ते कॅलेंडरच्या मागचं आणि किराणा बांधून आलेल्या कागदांवरचं. तेही मनात. दुसऱ्याच्या देखत वाचायचं म्हणजे मला घाम फुटला. पण अक्कांना नाही म्हणायलाही बोलावंच लागलं असतं. त्यापेक्षा छापलेलं बोलणं सोपं, असं वाटलं.

माझं वाचणं म्हणजे दगडावरून दगडावर पाय टाकत ओढा ओलांडणं. जोडाक्षर आलं की मी थांबते, अंदाज घेते, मग पाऊल टाकते. त्या दिवशी मी वाचत होते, "तिनं... मागे... वळून... बघितलं. तर... तिच्या... खांद्यावर..."

अक्कांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "काय? खांद्यावर काय?"

"एक... नि... निश्..."

"अगं काय निश्?"

"थांबा हो अक्का, जोडाक्षर आहे."

"मरते की मी इथं!"

"निश्चल... हात... होता."

अक्कांनी एक आरोळी ठोकली आणि मग हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मला वाटलं, माझ्या वाचण्याला हसतात. मी पुस्तक मिटायला लागले. तर माझा हात धरून म्हणाल्या, "मिटू नकोस. ती मुलगी फार सफाईनं वाचायची गं. तिचं भूत रिक्षातून उतरून सरळ समोर उभं राहायचं. तुझं भूत जिन्यावरून एकेक पायरी चढत येतं. हे खरं!"

तेव्हापासून रोज अकरा वाजता मी हात पुसून व्हरांड्यात यायची. मी वाचायची, अक्का लसूण सोलायच्या. डोळ्यांना दिसत नसलं तरी ते काम त्यांनी सोडलं नव्हतं. गोष्ट बेताची असली की पाकळ्यांना निम्मं साल तसंच. गोष्ट चांगली असली की लसूण असा लखलखीत सोलून यायचा की बघत राहावं. आणि फारच चांगली असली तर गरजेपेक्षा तिप्पट. गिरिजक्का त्या लसणाची शेंगाचटणी चाखून सांगायच्या, "आज भूत भारी होतं वाटतं."

एका गोष्टीत एक बाई विहिरीतून किंचाळते. मी ते साधंच वाचलं, "ती किंचाळली." अक्का म्हणाल्या, "अशी किंचाळतात होय? किंचाळ की."

"मला नाही येत."

"जन्मात कधी किंचाळली नाहीस?"

मी आठवून बघितलं. खरंच नव्हते. दोन्ही बाळंतपणांत नव्हते. अक्का म्हणाल्या, "मग आता किंचाळ. तुझी नाहीच ती किंकाळी, विहिरीतल्या बाईची आहे. तुला काय?" मी डोळे मिटले आणि किंचाळले. काय सांगू! आतून कुठून एवढा आवाज निघाला मला माहीत नाही. समोरच्या घरात गॅसचं सिलिंडर उतरवणारा माणूस सिलिंडर टाकून धावत आला. गिरिजक्का हातात लाटणं घेऊन आल्या. आणि मी शांत बसलेली, मांडीवर पुस्तक. अक्का म्हणाल्या, "काही नाही, वाचन चाललंय."

त्या दिवशी घरी जाताना मी रस्ता बदलला नाही. समोरून कोण आलं, कोण गेलं, मला आठवत नाही. गोकुळ रोडच्या वर्कशॉपमधून नवरा आला तेव्हा त्याला म्हणाले, "आज मी किंचाळले." तो घाबरला. "कशाला? कुणी काय केलं?" मी म्हणाले, "कुणी नाही. बरं वाटलं." तो रात्रभर माझ्याकडे चोरून बघत होता.

शुक्रवारी गल्लीतल्या बायकांचं भजन असायचं, आळीपाळीनं एकेकीच्या घरी. अक्कांची पाळी आली की भजन लवकर उरकायचं, मग चुरमुऱ्याचं गिरमिट, आणि मग गोष्ट. बायका आधी नको नको म्हणायच्या. "देवाचं नाव घेतल्यावर लगेच हे?" अक्का म्हणाल्या, "मग कधी? देवाचं नाव घेऊन ठेवलंय तोवरच ऐकून घ्या की."

अशाच एका शुक्रवारी मी एक गोष्ट वाचली. नवी सून घरात येते. सगळ्या खोल्या तिला दाखवतात, एक मात्र बंद. ती कधी उघडायची नाही म्हणून बजावतात. आणि एक दिवस घरात कुणी नसताना ती कडी काढते. तिथवर मी आले आणि अक्कांनी हात वर केला. "थांब. आता प्रत्येकीनं सांगायचं, आत काय आहे?"

गिरिजक्का लगेच म्हणाल्या, "माझी सासू!" सगळ्या हसल्या. कुणीतरी विचारलं, "मेलेली?" गिरिजक्का म्हणाल्या, "छे! जिवंत. मेलेलीला काय भ्यायचं?" कुलकर्णी वहिनींचं घर आरशासारखं चकाचक. त्या म्हणाल्या, "खोलीत सगळा पसारा असेल, आणि मागे पाहुणे उभे असतील." त्यावर तर गिरमिट सांडेपर्यंत हसणं झालं. एकीच्या खोलीत तिची दहावीची परीक्षा चालू होती, पेपर समोर आणि पेनात शाई नाही. एकीच्या खोलीत तिचा नवरा स्वयंपाक करत होता. "यात भ्यायचं काय?" "तुम्ही त्यांच्या हातचं खाल्लं नाही ना, म्हणून विचारता!"

माझ्याकडे सगळ्यांनी बघितलं. मी पुस्तकातच बघत राहिले. अक्का म्हणाल्या, "तिला सोडा. वाचणाऱ्याला परीक्षा नसते."

सगळ्या गेल्या. गिरिजक्का पायरीवर चप्पल घालता घालता थांबल्या. हळूच म्हणाल्या, "अक्का, सासूचं चेष्टेनं बोलले. खोली रिकामी असेल. कॉट, गादी, उशी, सगळं नीट घातलेलं, आणि कुणीच नाही." त्यांचे दोन्ही मुलगे परदेशात. दुसऱ्या दिवसापासून गिरिजक्कांचा दुपारचा चहा आमच्याकडे ठरून गेला. कुणी कुणाला बोलावलं नाही. कप मात्र तीन निघायला लागले.

खोल्यांच्या नादात गोष्ट राहूनच गेली होती. तिचा शेवट मी स्वयंपाकघरात चोरून वाचला. आत एक वेडा काका निघाला. दोन पानं भरून लेखकानं समजावून सांगितलं होतं. मी अक्कांना तसं म्हणाले तर त्या वैतागल्या. "म्हणून मी असले समजावून सांगणारे शेवट ऐकत नाही. बायकांच्या खोल्या किती चांगल्या होत्या! याच्या खोलीत नुसता काका."

असं सगळं मजेत चाललं होतं. मग डॉक्टरांनी सांगितलं की मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन आता केलंच पाहिजे, लांबवलं तर अवघड होऊन बसेल. मुलानं बेंगळुरूहून तारीख घेऊन दिली.

भुताखेतांना चहा पाजणाऱ्या आमच्या अक्का. पण तारीख जवळ आली की त्यांना शिंका यायला लागायच्या. मग नागपंचमी आली, लाडू कोण वळणार? मग एकादशी. नेहमीचा रिक्षावाला बसू दारात येऊन हॉर्न वाजवायचा, "बर्री अक्का, या की! हुबळीला जायचं ना?" आणि अक्का आतून ओरडायच्या, "आज नाही रे, पोटात गडबड आहे." एकदा म्हणाल्या, "आज अमावस्या आहे." बसू हसून हसून हँडलवर आडवा झाला. "तुम्ही अमावस्या पाळता? तुम्हीच तर सांगितलं होतं, अमावस्येला भुतं सुट्टीवर असतात!"

मुलानं मला फोन केला. "ताई, तुम्ही जरा समजवा. तुमचं ती ऐकते."

मी हो म्हणाले आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. अक्कांना दिसायला लागलं की त्यांना वाचणारीची गरज काय? त्या स्वतः वाचतील, आणि मी पुन्हा स्वयंपाकघरात. अकरा वाजता हात पुसायचं कारणच उरणार नाही. त्या एका तासात मी जेवढी बोलायची तेवढी जन्मात बोलले नव्हते. सूनही मीच, सासूही मीच, विहिरीतली बाईही मीच. आणि अक्का अशाच शिंकत राहिल्या, डोळे गेले, तर मला कायम वाचायला मिळणार होतं. हा विचार माझ्या मनात आला तेव्हा मी भाकरी थापत होते. माझे हात थांबले. आजवर वाचलेल्या एकाही भुतानं मला एवढं घाबरवलं नव्हतं.

मी तशीच पिठाच्या हातांनी व्हरांड्यात गेले. त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "अक्का, तुम्हाला कशाची भीती वाटते?"

त्या चमकल्या. त्यांना हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. म्हणाल्या, "पालीची."

"ही दुकानातली," मी म्हणाले.

मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत बोलल्या. "जागी ठेवतात गं. डोळा उघडा धरून. ते हत्यार येताना दिसणार. गोष्टीत फार झालं तर मी तुला थांब म्हणते. तिथं थांब म्हणता येत नाही, आणि डोळाही मिटता येत नाही."

मी म्हणाले, "मी येते बरोबर. आत नेईपर्यंत वाचते."

"काय वाचशील?"

"पंगतीची."

नुकतीच हातात घेतलेली गोष्ट होती ती. अक्का म्हणाल्या, "बसूला सांग."

हुबळीच्या त्या दवाखान्यात बाकावर ओळीनं माणसं बसलेली. कुणाच्या एका डोळ्यावर पट्टी, कुणाच्या डोळ्यांत औषध घातलेलं, म्हणून मान वर. नर्सनं अक्कांच्या डोळ्यातही थेंब घातले. अक्कांनी माझं मनगट धरलं. "वाच."

"इथं? एवढ्या लोकांत?"

"मग काय ऑपरेशनच्या टेबलावर वाचणार आहेस?"

मी अगदी हळू सुरुवात केली. लग्नघर आहे. पंगत बसलीय. शेवटच्या पाटावर एक म्हातारा जेवतोय. मुलीकडच्यांना वाटतं, हा मुलाकडचा. मुलाकडच्यांना वाटतं, हा मुलीकडचा. जेवणाऱ्याला तू कोण म्हणून विचारायचं कसं? तो मानपान काढून बसला तर? म्हणून सगळे त्याला वाढतायत.

शेजारी बसलेल्या खेड्यातल्या बाई म्हणाल्या, "जरा मोठ्यानं वाचा की, ताई." पलीकडून एकजण कानडीत म्हणाला, आम्हाला मराठी कळत नाही. बसू भिंतीला टेकून उभा होता, तो लगेच पुढे आला. मी एक वाक्य वाचायची, बसू ते कानडीत सांगायचा, आणि पदरचं घालायचा. मी वाचलं, "म्हाताऱ्यानं पुन्हा जिलबी मागितली." बसूनं जिलबी किती गरम होती, पाक कसा गळत होता, इथवर सांगितलं. सकाळपासून उपाशी ठेवलेले दोघंजण कण्हले.

पंगती उठतात, नव्या बसतात, म्हातारा उठत नाही. वाढपी घाबरतात. मुलीचा काका धीर करतो. तो त्याच्यापुढे जाऊन वाकतो आणि विचारतो, "आपण... कुणाकडचे?" म्हातारा... हळू... मान वर... करतो...

सगळी खोली चिडीचूप. तेवढ्यात खेड्यातल्या बाईंचं लक्ष कोपऱ्यातल्या बाकाकडे गेलं. तिथं एक म्हातारे आजोबा बसले होते. पांढरी टोपी, मान खाली. बरोबर कुणी नाही. बाईंनी मला कोपर मारलं. मी बघितलं. बसूनं बघितलं. एकेक डोळा करत अख्ख्या खोलीनं बघितलं. त्यांच्या बाकावरचे दोघंजण हळूच सरकून उठले.

बसूनं पुढे वाकून विचारलं, "अज्जा, नीव यार कडीयवरु?" तुम्ही कुणाकडचे?

आजोबांनी मान वर केली. कानामागे हात धरला. मग ते म्हणाले, "मी पोराबरोबर आलोय. तो गाडी लावायला गेलाय. पण तुम्ही थांबलात का? तो म्हातारा काय म्हणाला?"

जो काही हशा उठला! एकानं डोळ्यावरची पट्टी धरून हसून घेतलं. नर्स दारात उभी, तोंडाला हात लावून हसत होती. ती कधीपासून तिथं ऐकत होती कोण जाणे. मग भानावर येऊन म्हणाली, "अक्का, चला, तुमचा नंबर."

अक्कांचं हसू एकदम गेलं. त्यांनी बाकाची कड धरली. "एवढं होऊ दे. म्हातारा काय म्हणाला, एवढं ऐकून जाते."

नर्स म्हणाली, "मलाही ऐकायचंय हो, पण डॉक्टर थांबलेत." डॉक्टर स्वतः बाहेर येऊन उभे राहिले. अक्का हलेनात. शिंक काढायचा प्रयत्न चाललेला मला दिसत होता.

मी पुस्तक मिटलं. उभी राहिले. एवढ्या लोकांत मी कधी उभी राहिले नव्हते. पण आवाज खणखणीत निघाला. "पुढचं अक्का बाहेर आल्यावर."

आधी सगळे माझ्यावरच उखडले. "हे काय, ताई? आमचं काय चुकलं?" मग सगळे अक्कांकडे वळले. "अव्वा, जावा की आत लवकर!" "किती वेळ लावता?" आजोबा काठी आपटून म्हणाले, "माझा डोळा जायच्या आत ऐकायचंय मला!" खेड्यातल्या बाईंनी अक्कांना दंडाला धरून उभंच केलं. अक्का जाता जाता वळून मला म्हणाल्या, "कैदाशीण आहेस तू, कैदाशीण!" आणि रागारागात आत गेल्या. घाबरायला त्यांना सवडच मिळाली नाही. दार लागता लागता आतून त्यांचा आवाज आला, "डॉक्टर, तुम्हाला भीती कशाची वाटते?" आणि डॉक्टरांचा, "हलणाऱ्या पेशंटची."

त्या बाहेर आल्या तेव्हा एकजणही जागचा हलला नव्हता. ज्यांना घरी जायला सांगितलं होतं तेही बसलेले. अक्का पट्टीसकट माझ्याशेजारी बसल्या. "काढ पान." मी वाचलं. म्हातारा मान वर करून म्हणाला, "मी मुलीकडचा. आपण कुणाकडचे?" आणि काकाला आठवेना.

बसूनं ते कानडीत सांगायला बराच वेळ लावला.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. अक्कांनी मला जवळ बोलावून न्याहाळलं. "अगं, तू तरुण आहेस की! आवाजावरून मला वाटलं, पन्नाशीची असशील." त्या भिंतीवरचे डाग बघत घरभर फिरल्या, गिरिजक्कांना म्हणाल्या, "तुमचे केस एवढे पांढरे कधी झाले?" सगळे हसत होते, मीही हसत होते. पुढे सावकाश दुसरा डोळाही झाला. मग नवा चष्मा आला. डॉक्टरांनी सांगितलं, आता खुशाल वाचा.

त्या सकाळी मी आले तेव्हा अक्का व्हरांड्यात होत्या. नाकावर चष्मा, हातात पुस्तक. भुवया वर करून वाचत होत्या. मला बघून नुसती मान हलवली. मी आत गेले. कोबी चिरायला घेतला. एवढा बारीक कोबी मी कधी चिरला नव्हता. अकरा वाजले. बाहेरून पान उलटल्याचा आवाज यायचा, पुन्हा शांत. आपल्याला काय, मी स्वतःला म्हणाले, डोळे आले, देवाची कृपा. आणि दुसरा कोबी चिरायला घेतला. त्याची काही गरज नव्हती.

एकदम बाहेर किंकाळी. मी सुरी घेऊनच धावले. अक्का खुर्चीत पाय वर घेऊन बसलेल्या, चष्मा एका कानावर, आणि पुस्तक फेकलेलं ते अबोलीच्या झाडात जाऊन पडलेलं.

"कुठं होतीस तू?" त्या माझ्यावरच ओरडल्या.

"स्वयंपाकघरात. काय झालं?"

"मी एकटी होते त्या जिन्यावर!"

"कुठल्या जिन्यावर?"

"पुस्तकातल्या गं!" त्यांनी छातीवर हात ठेवला. श्वास लागला होता आणि हसूही येत होतं. "तू वाचायचीस तेव्हा तू पुढे असायचीस. मी तुझ्या मागून यायची, पदराला धरून. जे काही अंगावर यायचं ते आधी तुझ्या यायचं. आज बघते तर पुढे कुणीच नाही! मी नाही बाई जाणार. डोळे आले म्हणून काय झालं? तूच जा पुढे."

गिरिजक्का कुंपणावर आल्याच होत्या. जन्मभर मी कुणाच्या ना कुणाच्या पाठीमागे उभी राहिलेली बाई. सुरी कठड्यावर ठेवली, झाडात हात घालून पुस्तक काढलं, माती झटकली आणि पान शोधलं. जिना होता, वर अंधार होता. पहिल्याच ओळीत जोडाक्षर.

"धरा पदर," मी अक्कांना म्हणाले, आणि पुढे झाले.